औंध येथील श्री भवानी संग्रहालय

महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, औंध या गावी असलेले कलासंग्रहालय. साताऱ्याच्या पूर्वेस सु. ४० किमी.वर, यमाई देवीच्या डोंगराच्या मध्यावर ते वसलेले आहे. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १९३८ मध्ये ते स्थापन केले. नामांकित कलासंग्रह बहुधा राजधान्यांत किंवा मोठ्या व्यापारी शहरांत आढळतात. पर्जन्यछायेच्या टापूतील एका लहान गावी भारतीय लघुचित्रे, राजा रविवर्म्याची तैलचित्रे आणि आधुनिक युरोपीय शिल्प एका छपराखाली पाहावयास मिळावे, हा प्रकार देशात विरळाच होय.

प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराममहाराजांनी जिंजीच्या मुक्कामी निर्माण केले. प्रल्हाद निराजी हे पहिले प्रतिनिधी. पुढे हे पद किन्हईच्या परशुराम त्रिंबक (१६६०–१७१८) यांच्या घराण्यात वंशपरंपरेने राहिले. यमाई ही या घराण्याची कुलस्वामिनी. जोतिबाने तिला ‘ये माई’ अशी हाक मारली, म्हणून ती यमाई झाली, अशी आख्यायिका आहे. घराण्याचे प्रमुख ठाणे दीर्घकाळ कऱ्हाड येथे होते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत प्रतिनिधी व पेशवे यांच्यात वितुष्ट आले, बापू गोखल्याने प्रतिनिधीचा पराभव केला आणि ताई तेलिणीने वासोट्याचा किल्ला काही काळ झुंजविला. या प्रकरणानंतर घराण्याचा मुलूख बराच संकोचला. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी १८२० मध्ये प्रतिनिधींशी करार केला व त्यातून औंधचे संस्थान आकारास आले.

संस्थान लहान, आणि तेही सलग नव्हते. सु. १,३०० चौ. किमी. क्षेत्राचे हे तुकडे औंध, आटपाडी, कुंडल व विजापूरकडील गुणदाळ असे दूरदूर विखुरलेले होते. १९४१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या ८८,७६२ भरली. उत्पन्न बेताचे, पाऊस बेभरवशाचा. व्यंकटेश माडगूळकर यांच्या बनगरवाडी (१९५५) या कादंबरीतील मेंढपाळांची वस्ती व तालमीच्या निमित्ताने तेथे येणारे राजेसाहेब याच संस्थानी मुलखातील आहेत. संग्रहालयाचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते. कारण ज्या रकमेत बड्या संस्थानिकांचा एखादा समारंभ उरकला असता, तेवढ्यात येथे वर्षाचा कारभार भागवावा लागे.

भवानराव १९०९ मध्ये गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. प्रजेला, विशेषतः शाळकरी मुलांना, नमस्कार घालावयास लावणारा राजा म्हणून त्यांची काहीशी थट्टाही झाली. परंतु या व्यायामाचा आजचा प्रसार मोठ्या अंशी त्यांच्याच खटपटीचे फळ आहे. त्यांनी रामायणावर काढलेल्या चित्रांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वेरूळ (१९२९) व अजिंठा (१९३२) या लेण्यांवरही त्यांची इंग्रजी पुस्तके आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, ही सूचना १९१८ मध्ये त्यांनीच केली व तीसाठी एक लाख रुपयांच्या देणगीचे आश्वासन दिले. त्या आवृत्तीसाठी चित्रेही त्यांनी काढली. १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

चित्रकार या नात्याने त्यांची गणना पहिल्या प्रतीत करता येणार नाही. त्यांची पौराणिक चित्रे रविवर्म्याच्या वळणाची असून रेखाटनात बाळबोध वाटतात. संग्राहक म्हणून मात्र त्यांची दृष्टी स्वतःच्या कुंचल्याहून पुष्कळच व्यापक होती, याची साक्ष संग्रहालयात मिळते. स्वतः ज्या शैलीत चित्र काढले नसते, तिचेही नमुने त्यांनी आस्थेने जमविले.

संग्रहालयाची वास्तू चित्रे मांडण्याच्या हेतूनेच बांधली गेली. जुना वाडा रिकामा झाला म्हणून त्यात वस्तू लावल्या, असा प्रकार येथे नाही. दालनांत नैसर्गिक उजेड येईल अशी योजना असल्याने दिवसा चित्रांचे रंग मूळ रूपात दिसतात. लघुचित्रांत जयपूर, कांग्रा, पंजाब, मोगल, विजापूर व मराठा या शैलींचे नमुने असून पहाडी चित्रे त्यांत सरस आहेत. तैलचित्रांत रविवर्म्याचे सैरंध्री हे चित्र प्रसिद्ध आहे. कीचकाकडे मद्य आणावयास निघालेल्या द्रौपदीचा संकोच व भय त्यात व्यक्त झाले असून, नाट्यपूर्ण क्षण पकडण्याचे रविवर्म्याचे सामर्थ्य त्यातून प्रत्ययास येते. म. वि. धुरंधर, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर इत्यादींची चित्रे, बंगाल संप्रदायातील कलाकृती आणि पाश्चात्त्य चित्रकारांच्या गाजलेल्या चित्रांच्या प्रतिकृती यांचाही संग्रहात समावेश आहे. प्रतिकृतींना आजचा जाणकार फारसे मोल देणार नाही. पण युरोपचा प्रवास ज्यांच्या स्वप्नातही नव्हता अशा माणदेश-खटावच्या प्रेक्षकांना ती चित्रे निदान या रूपाने दिसली, हे विसरता येत नाही. याखेरीज सहा ऋतूंच्या मूर्ती, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम, धातूच्या वस्तू असा मोठा संभार येथे आहे. संग्रहालयाला जोडून ग्रंथालयही आहे.

या साऱ्यांत वेगळे उठून दिसते ते हेन्री मूर (१८९८–१९८६) या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालक हे शिल्प. तपशील गाळून केवळ आकारमानातून मातृत्व सुचविणारी ही कृती देवदेवतांच्या चित्रांतून फिरून आलेल्या नजरेला प्रथम परकी वाटते. संग्रहालय स्थापन झाले त्या सुमारास मूर यांचे नाव इंग्लंडमध्येही सर्वमान्य झालेले नव्हते; भारतात आधुनिक पाश्चात्त्य शिल्पाचा संग्रह करणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. सैरंध्रीसाठी औंधला जाणाऱ्याने या शिल्पापाशीही थांबले पाहिजे.

संग्रहालय उभे राहिले त्याच वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, भवानरावांनी प्रजेला स्वराज्य देण्याची घोषणा केली. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत व पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी या कामी पुढाकार घेतला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली, ग्रामपंचायतीवर आधारलेली राज्यघटना १९३९ च्या जानेवारीत अमलात आली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे त्याच वर्षी कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली; ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी काढलेल्या दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटाला तिचाच आधार आहे. संग्रहालय व राज्यघटना या दोन घटनांचा विचार सहसा वेगवेगळा केला जातो. वास्तविक खाजगी मालकीचे ते सार्वजनिक करावे, हे एकच सूत्र दोहोंत दिसते. राजाने सत्ता सोडली आणि चित्रे वाड्याच्या भिंतींवरून काढून डोंगरावर, देवीच्या वाटेवर आणून ठेवली. यात्रेकरूला वर चढताना ती आपोआप लागावीत, अशी ती जागा आहे.

कलावंत व पंडित यांना औंधने आश्रय दिला, तोही उल्लेखनीय आहे. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार व वेदांचे भाष्यकार श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) यांचे स्वाध्याय मंडळ दीर्घकाळ औंधला होते. १९४८ मध्ये ते गुजरातेतील पारडी येथे गेले. संस्थानचे गायक अंतुबुवा जोशी यांनी १९४० मध्ये आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीतोत्सव त्यांचे पुत्र गजाननबुवा जोशी (१९११–८७) यांनी पुढे चालविला. कुंडलच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तीही भवानरावांच्या साहाय्याने.

औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. देशातील अनेक राजघराण्यांचे संग्रह त्यानंतरच्या काळात वाटण्यांत व विक्रीत विखुरले. औंधचा संग्रह आधीच लोकांसाठी खुला झालेला असल्याने तो एकत्र राहिला, आणि विशेष म्हणजे गावातच राहिला. संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. असा संग्रह एखाद्या मोठ्या शहरात असता, तर त्याला कितीतरी पट प्रेक्षक व अभ्यासक लाभले असते, यात शंका नाही. पण शहरात तो अनेकांपैकी एक ठरला असता.

ग्रामीण संग्रहालयाचा दुसरा, अगदी निराळा नमुना म्हणून धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर येथील संग्रहालयाचा निर्देश करता येईल. तेर म्हणजे पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर. येथून भडोच बंदराकडे कापड जात असे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातच सापडलेली सातवाहनकालीन मृण्मये, मणी व हस्तिदंती वस्तू आयुष्यभर वेचून जमविल्या व त्यांतून तेथील शासकीय संग्रहालय उभे राहिले. पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती तेरलाच मिळाली. तेरच्या वस्तू तेरच्याच मातीतून आल्या, म्हणून त्यांचे तेथे असणे कोणालाही पटते. औंधच्या वस्तू दूरदूरून आणलेल्या आहेत.

औंधची भेट केवळ संग्रहालयापुरती मर्यादित ठेवू नये. गावातील यमाईचे मंदिर, त्यापुढील उंच दीपमाळ, प्रतिनिधींचा वाडा व डोंगरमाथ्यावरील मूळपीठ ही स्थळे पायी चालत एका दिवसात पाहून होतात. मूळपीठाकडे जाताना संग्रहालय वाटेतच लागते. वरून खटावचा उघडा, तांबूस माळ दूरवर दिसतो.