बेंगळुरूत उतरायचं कुठे?



सोलापूर, पुणे, इंदूर, बडोदा, कुठून कुठून फोन येतात. मुलगा किंवा सून बेंगळुरूत आयटीमध्ये असते, त्यांचं घर वन बीएचके, आणि गावाकडून सहाजण निघालेले असतात. मग मला विचारतात, "कर्नलसाहेब, तुम्ही तिथे राहिला आहात, चांगलं हॉटेल सांगा." हॉटेलचं नाव मी कुणालाच सांगत नाही. आधी विचारतो, काम कुठल्या बेंगळुरूत आहे? कारण हे एक शहर नाही. निदान १९४९ पर्यंत तरी नव्हतं.

मी आर्मी सर्व्हिस कोअरचा, म्हणजे रसदवाला. तळ कुठे टाकायचा हा प्रश्न आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात: पाणी कुठे, रस्ता कुठला, आजारी माणूस मागे कसा न्यायचा. बेंगळुरूचा इतिहास मी याच नजरेने वाचला. जो जो या शहरात आला, त्याने मुक्काम कुठे केला ते बघा. निम्मा इतिहास तिथेच सापडतो.

केंपेगौडाने १५३७ साली मातीचा किल्ला बांधला आणि त्याला लागून बाजारपेठ वसवली. तिला पेटे म्हणतात, आपली पेठच. अक्कीपेटे म्हणजे तांदळाची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची. आमच्या रसदवाल्याने नकाशा काढला असता तर असाच काढला असता. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे ठाणं घेतलं. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि बेंगळुरूची जहागीर त्यांना मिळाली. राजांचा वाडा चिक्कपेटेत होता, त्याला गौरीमहाल म्हणत, असं तिथले लोक सांगतात. आज चिक्कपेटेत गेलात तर रेशमी साड्यांची दुकानं आणि हातगाड्या दिसतील, वाडा दिसणार नाही.

या दरबारात दूरदूरची माणसं यायची. त्यातला आपल्या ओळखीचा म्हणजे जयराम पिंड्ये. नाशिककडचा कवी, इतक्या लांब आला आणि राजांपुढे बारा नारळ ठेवले. हे काय, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, बारा भाषांत कविता करतो. त्याचा 'राधामाधवविलासचंपू' इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये छापला, म्हणून आपल्याला हे माहीत. आज व्हाइटफिल्डच्या एखाद्या ऑफिसात नोकरी मागायला गेलेला नाशिकचा पोरगा आपल्या बायोडेटात संगणकाच्या किती भाषा येतात ते लिहितो. जयरामाचेच नारळ ते, दुसरं काय!

शहाजीराजांनंतर एकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि तिथेच राहिले. बेंगळुरू त्यांना लांब पडू लागलं. तीन लाखांत म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकायची बोलणी चालू असतानाच १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतलं, आणि पुढे चिक्कदेवराजाला ते मोगलांकडून मिळालं. पन्नासेक वर्षांचा आपला मुक्काम असा संपला. पण माणसं सगळी परत गेली नाहीत. गवीपुरात गोसावी मठ आहे, मराठा समाजाची तिथे आजही वर्दळ असते. घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारी कुटुंबं जुन्या बेंगळुरूत अजून भेटतात. १९५० मध्ये अशाच एका घरात शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा जन्मला. पुढे त्याने इथल्या बसमध्ये कंडक्टरी केली, आणि नंतर जग त्याला रजनीकांत म्हणून ओळखू लागलं.

आता दुसरं बेंगळुरू. १७९९ मध्ये टिपू पडला, इंग्रजांची फौज श्रीरंगपट्टणला राहिली आणि तापाने झिजायला लागली. कावेरीचं बेट, दमट हवा, डास. १८०९ मध्ये छावणी बेंगळुरूला हलवली. समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंची, थंड हवा. पण हुशारी अशी की ते जुन्या किल्ल्याजवळ शिरले नाहीत. पेटेपासून चार-पाच किलोमीटर पूर्वेला, हलसूरच्या तलावाजवळ मोकळ्या माळावर तळ टाकला. हलसू म्हणजे फणस. फणसांच्या गावाशेजारी परेड ग्राउंड, बराकी, चर्च, मग अधिकाऱ्यांचे बंगले. तळाची जागा म्हणून मी त्या निवडीला आजही पैकीच्या पैकी गुण देईन.

इथून दोन शहरं शेजारीशेजारी वाढली. १८८१ नंतर तर पेटे म्हैसूरच्या महाराजांची आणि छावणी इंग्रज रेसिडेंटची, असा कारभारही वेगळा झाला. दोन नगरपालिका, मधे कब्बन पार्क. रेल्वे १८६४ मध्ये आली तीही आधी कँटोन्मेंट स्टेशनला. सिटी स्टेशन नंतरचं. डिसेंबर १९४९ मध्ये दोन्ही पालिका एक झाल्या, पण उतरायच्या जागांनी ते अजून पुरतं मान्य केलेलं नाही.

छावणीत कोण कुठे उतरायचं? १८९६ मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचा बावीस वर्षांच्या आतला लेफ्टनंट चौथ्या हुसार्सबरोबर आला. दोन मित्रांबरोबर त्याने बंगला घेतला, गुलाबाची झाडं लावली, पोलो खेळला आणि पुस्तकं वाचली. युनायटेड सर्व्हिस क्लबचे तेरा रुपये त्याने बुडवले. तो क्लब १८६८ चा, आजचा बेंगलोर क्लब, आणि १८९९ ची ती वही तिथे जपून ठेवली आहे. आमच्या मेसमध्ये बिल थकलं तर सीओसमोर उभं राहावं लागायचं, हा पुढे पंतप्रधान झाला.

ज्यांची अशी ओळखपाळख नव्हती त्या गोऱ्या पाहुण्यांसाठी १८८७ मध्ये श्रीमती ब्रॉन्सन यांनी रेसकोर्सजवळ दहा खोल्यांचं बोर्डिंग हाऊस काढलं. तेच वेस्ट एंड, आज ताजच्या ताब्यात. आपल्याला तिथे एक चहा पिऊन यायला हरकत नाही.

आणि आपल्यासारख्यांचं काय? गुब्बी गावचे व्यापारी तोटदप्पा यांनी सिटी स्टेशनजवळ जागा घेऊन प्रवाशांसाठी धर्मछत्र बांधलं. १९०३ मध्ये महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या हस्ते ते सुरू झालं. वर्षांकडे लक्ष द्या. १८९८ ला प्लेगने पेटे हादरली होती, बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहती त्यातूनच पुढे आल्या. अशा काळात परक्या माणसाला छप्पर देणं ही लहान गोष्ट नव्हती. पुढे स्टेशनच्या आसपास, मॅजेस्टिक आणि गांधीनगरात लॉजांची रांग लागली ती लागलीच. महाराष्ट्र मंडळही गांधीनगरातच आहे. माझ्या लहानपणी मिरजेला गाडी बदलून मीटर गेजने बेंगळुरूला जायचो, वळकटी डोक्यावर घेऊन वडील गांधीनगरातल्या लॉजात शिरायचे. हॉटेल हा शब्द ते फक्त इडलीसाठी वापरत.

तो शब्द बेंगळुरूत अजून तसाच आहे. पाटीवर हॉटेल असेल म्हणजे खोली मिळेलच असं नाही. त्यातही 'मिलिटरी हॉटेल' पाहून मी १९८८ मध्ये फसलो. नवीन बदली, मला वाटलं सैन्याची काही सोय असेल. आत गेलो तर खिमा आणि बिर्याणी! मांसाहारी खानावळीला इथे मिलिटरी हॉटेल म्हणतात. शहाजीराजांच्या मराठा सैनिकांपासून ही पद्धत आली असं काहीजण छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. त्या काळचं सैन्य आपापली चूल मांडून खायचं, आणि मिलिटरी हा शब्दच इंग्रजी अमदानीतला. छावणीत मांस खाणारे शिपाई आले, शाकाहारी हॉटेलांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून नाव पडलं, हे जास्त सरळ वाटतं. मात्र अशी काही जुनी हॉटेलं मराठा कुटुंबांनीच चालवली हे खरं. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल १९३५ पासूनचं. तिथली दोन्ने बिर्याणी पानाच्या द्रोणात देतात. दोन्ने म्हणजे आपला द्रोणच.

आता जे सांगतो ते सांगायला मला बरीच वर्षं लागली. १९८८ ते १९९१ मी आग्रमला होतो. कमांड हॉस्पिटल जवळ, आणि तेव्हाचा विमानतळ, एचएएलचा, त्याच रस्त्यावर. २०१६ मध्ये माझा धारवाडचा कोर्समेट त्या हॉस्पिटलात दाखल झाला. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. आजार शेवटाला आला होता. वहिनींचा फोन आला, या लवकर. मी मुलाला म्हटलं, "एअरपोर्टजवळ हॉटेल घे. हॉस्पिटल तिथून चालत." त्याने बिचाऱ्याने तसंच केलं. मोबाइलवर एअरपोर्ट शोधला, जवळचं चांगलं हॉटेल दिसलं, पैसे भरले.

विमानतळ २००८ मध्ये देवनहळ्ळीला गेला हे मला ठाऊक होतं. पेपरात वाचलं होतं. पण जिभेवर जुना नकाशा होता. उद्यान एक्सप्रेसने सकाळी सिटी स्टेशनला उतरलो, टॅक्सी उत्तरेला निघाली तेव्हाही वाटलं, वळण घेत असेल. हेब्बाळचा पूल आल्यावर कळलं. त्याच वेळी गाडी फिरवायला हवी होती. पण पैसे भरलेले, अंगावर प्रवासाचे कपडे, अण्णासमोर नीट जावं म्हणून मी पुढे गेलो, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. परतताना पस्तीस-चाळीस किलोमीटर आणि बेंगळुरूचा ट्रॅफिक. पोचलो तेव्हा त्याला अतिदक्षता विभागात हलवलं होतं. वहिनी म्हणाल्या, "सकाळी दोनदा विचारलं त्यांनी, आला का म्हणून." दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

तीन वर्षं त्या रस्त्यावर राहिलेला, तळाची जागा निवडायला शिकलेला मी माणूस.

म्हणून कुणी विचारलं की मी आधी कागद घ्यायला सांगतो. दवाखान्याचं काम आहे, तर दवाखान्याच्या दारापासून मोजा, विमानतळापासून नाही. किलोमीटर नको, सकाळी नऊला किती मिनिटं लागतात ते तिथल्या माणसाला विचारा. साड्या, जुना किल्ला, टिपूचा महाल, गवीपूर पाहायचं असेल तर गांधीनगर किंवा बसवनगुडी. छावणीकडचं काम असेल तर एम. जी. रोड, हलसूर, इंदिरानगर. मेट्रो २०११ पासून आहे, मॅजेस्टिकला दोन मार्गिका एकमेकींना छेदतात, तेव्हा स्टेशनपासून पायी अंतरावरची साधी खोली ही लांबच्या आलिशान खोलीपेक्षा बरी. मुलाचं ऑफिस व्हाइटफिल्डला असेल तर शहर पाहायचे दोन दिवस आणि मुलाकडचे दोन दिवस वेगळे करा, दोन ठिकाणी उतरा. आणि बुकिंग करणाऱ्या मुलाला जागेचं नाव सांगू नका, पत्ता सांगा.

गेल्या वर्षी पुन्हा गेलो. हलसूरला मेट्रोजवळ खोली घेतली होती. वहिनींना फोन केला तर त्या रागावल्या. "भाऊजी, घर असताना लॉजमध्ये उतरता? हे ऐकते तर काय म्हणाले असते?" बॅग उचलली आणि त्यांच्याकडे गेलो.

पुढच्या भागात होदिगेरेला जाऊ. चन्नगिरीजवळचं गाव, १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजांचा अंत जिथे झाला ते. मी दावणगेऱ्यात उतरलो होतो, ते का, तेही सांगेन.