विडंबनगीत : टवाळी आणि न्याय

विडंबन म्हणजे फावल्या वेळची टवाळी, अशी आपल्याकडे समजूत आहे. आचार्य अत्रे यांची ‘झेंडूची फुले’ वाचून पोट धरून हसलेल्या वाचकाला ती खरीही वाटेल. परंतु कामगार चळवळीच्या इतिहासात विडंबनाने सभा जिंकल्या आहेत, आणि क्वचित एखाद्या मृत माणसावर अन्यायही केला आहे. अमेरिकेतील कामगार कवी जो हिल याची दोन गाणी याची साक्ष देतात.

‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ ही संघटना १९०५ साली शिकागो येथे स्थापन झाली. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहरात पैसे घेऊन नोकरी विकणाऱ्या दलालांचा सुळसुळाट होता. मुंबईच्या गिरण्यांत कामासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, त्याच जातीचा हा धंदा. संघटनेचे वक्ते भर रस्त्यात त्याविरुद्ध बोलू लागले की मुक्तिफौजेचा बँड भक्तिगीते वाजवून त्यांचा आवाज बुडवी. तेव्हा कामगारांनी त्याच चालींवर आपले शब्द बसविले. बँड त्यांचा, गाणे आमचे! १९०९ साली अशा गाण्यांची खिशात मावणारी लाल पुस्तिका निघाली.

जो हिल हा स्वीडनमध्ये १८७९ साली जन्मला आणि १९०२ साली अमेरिकेत आला. मृत्यूनंतरच्या रम्य तीरावर सारे भेटू, असे सांगणारे १८६८ सालचे एक भक्तिगीत घरोघर पाठ होते. १९११ साली हिलने ‘द प्रीचर अँड द स्लेव्ह’ या गाण्यात त्याची चाल ठेवली, आश्वासनही ठेवले. मात्र ते उपाशी माणसाच्या तोंडावर फेकलेले दाखविले. बस्स, एवढ्याने काम झाले.

गेटसभांत सिनेमाच्या चालींवर मालकाला शिव्या देणारी गाणी आम्ही पुष्कळ ऐकली. संप मिटला की ती विसरली जातात. कारण उघड आहे : त्या गाण्यांचे मूळ गाण्याशी भांडणच नसते. चाल केवळ उसनी असते. हिलचे भांडण मूळ गीताशीच होते.

आता दुसरे गाणे पाहा. केसी जोन्स या इंजिन ड्रायव्हरने ३० एप्रिल १९०० रोजी मिसिसिपी राज्यात टक्कर अटळ दिसताच शेवटपर्यंत ब्रेक सोडला नाही. तो एकटाच मेला, उतारू वाचले. त्याच्यावरचे गाणे लोकप्रिय झाले. १९११ च्या रेल्वे संपात हिलने त्याच केसीला संपफोड्या केले. तो मरून स्वर्गात गेला आणि तेथेही संप फोडू लागला, तेव्हा देवदूतांच्या युनियनने त्याला नरकात ढकलले. संपकऱ्यांनी हे गाणे डोक्यावर घेतले. गाणे म्हणून ते यशस्वी आहे. परंतु संपाच्या अकरा वर्षे आधी मेलेल्या माणसाने कोणाचा संप फोडला होता?

१९ नोव्हेंबर १९१५ रोजी खुनाच्या आरोपावरून खुद्द हिललाच यूटा राज्यात गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. तो खटला न्याय्य होता काय, हा वाद अजून मिटलेला नाही. मेलेल्याच्या नावाला न्याय मिळावा म्हणून झगडणारे आम्ही लोक. आम्हांला केसीचे नाव विसरून चालणार नाही.

म्हणून गाणी रचणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना आम्ही एवढेच सांगू : ज्याला उत्तर देता येते, अशा बलवंताचे विडंबन करा. हशा दोन्हीकडे पिकेल. न्याय मात्र तेथेच होईल.