तांड्याचा रहिवास

विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर अर्जदाराचे कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत होते, याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली जन्माची किंवा मृत्यूची नोंद, जमिनीचा एखादा जुना कागद. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील तांड्यांवर मी गेली काही वर्षे फिरतो आहे, ते बहुतेक वेळा असे कागद शोधणाऱ्यांच्या सोबतीने. आजोबा शाळेत गेलेले नसतात. जमीन नव्हतीच. राहता राहिले कोतवाल बुक, आणि त्यात तांड्याचे नाव नसते, शेजारच्या गावाचे असते. फिरता फिरता जन्मलेल्या मुलाची नोंद कोणत्या गावात शोधायची, हे तांड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही.

ज्या समाजाला सरकारने एकेकाळी फिरस्ता म्हणून संशयित ठरवले, त्याच्याकडेच आता रहिवासाचा पुरावा मागितला जातो. ही गाठ कशी पडली ते समजून घ्यायचे तर युद्धांपासून सुरुवात करावी लागते, कारण बंजाऱ्यांचा फिरता धंदा वाढला तो फौजांमुळे.

जुन्या फौजेला धान्य पुरवणारे सरकारी खाते नसे. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे फौजेबरोबर चालत आणि छावणीच्या बाजारात धान्य विकत. वऱ्हाड पोलिसांतला अधिकारी कंबरलेज याने बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिले. ते १८६९ च्या सुमाराचे असावे, १८८२ मध्ये ते पुन्हा छापले गेले. त्यात १६३० च्या सुमारास आसफखानाबरोबर दख्खनेत उतरलेल्या भंगी आणि जंगी या नायकांची हकीकत आहे. त्यांच्याकडे एक लाख ऐंशी हजार बैल होते, असे तो सांगतो. या नायकांना ताम्रपटावर सवलती मिळाल्याची परंपराही त्याने नोंदवली आहे: लोकांच्या रांजणातले पाणी घ्यावे, छपराचे गवत बैलांना घालावे, आणि दिवसाला तीन खून माफ.

तीन खून माफ हे शब्द मला नेहमी खटकतात. बंजारा समाजातले काही अभ्यासक ही सनद अभिमानाने सांगतात आणि त्यांचा अभिमान मी समजू शकतो. पण छपराचे गवत कुणाचे होते? कुणब्याचे. रांजण कुणाचा? त्याच्याच बायकोने भरलेला. बादशाही फौजेने आपल्या रसदेचा खर्च वाटेवरच्या खेड्यांवर टाकला आणि दोष घ्यायला तांडा पुढे केला. खेड्यात तांड्याविषयी जी धास्ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तिचे एक मूळ इथे आहे असे माझे मत आहे.

इंग्रजांनीही हेच तांडे वापरले. टिपूविरुद्धच्या मोहिमांत बंजाऱ्यांचे बैल होते. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली दख्खनेत लढत होता, तेव्हा त्याच्या पत्रांत बंजाऱ्यांचा विषय वारंवार येतो. बैल आले का, धान्य किती, तांडा मागे का राहिला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड गेला तो निजामाकडे. पुढे १८५३ मध्ये निजामाने तोच वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. एका फौजेच्या पगारासाठी गहाण पडलेला हा मुलुख. वाशिम त्यातलेच. इंग्रजी अमलात ते जिल्ह्याचे ठिकाण झाले, १९०५ मध्ये जिल्हा मोडून अकोल्यात गेला, आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा उभा राहिला.

लढाया थांबल्या. १८६७ मध्ये भुसावळकडून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. मीठ, धान्य, कापूस आगगाडीने जाऊ लागला. राखीव जंगले झाली, चराईला पैसे पडू लागले. ज्या बैलाच्या पाठीवर साम्राज्य दक्षिणेत उतरले, त्या बैलाला आता चरायला जागा उरली नाही. काही तांडे शेतमजुरीला लागले, काहींनी जनावरांचा व्यापार धरला. काहींनी चोऱ्या केल्या, हेही खरे. उपाशी माणसांत ते सगळीकडे घडते. मात्र सरकारने यातून काढलेला निष्कर्ष निराळा होता.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा करताना कौन्सिलात असा युक्तिवाद झाला की हिंदुस्थानात धंदे वंशपरंपरेने चालतात. विणकराचा मुलगा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ मध्ये सगळ्या प्रांतांना वापरता येईल असा झाला, १९२४ मध्ये तो नव्याने एकत्र करून मांडला गेला. सरकारने एखाद्या जमातीबाबत अधिसूचना काढली की तिच्या वैधतेवर कोर्टात दाद मागता येत नसे. मग नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायला परवाना. वसाहतीत डांबण्याची तरतूद होती, आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचीही. कोणाची नावे यादीत घालायची हे प्रांताप्रांतात वेगळे होते. पण शिक्का यादीपेक्षा लांब पोचतो. मेजर गंथॉर्प याने १८८२ मध्ये मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या ‘गुन्हेगार जमातीं’ची वर्णने पोलिसांच्या हाती दिली. अशी पुस्तके ठाण्यावर वाचली जात. यादी निघाली नाही तरी नजर तयार होत होती.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करावा असे सुचवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो गेला. म्हणून या जमाती विमुक्त. तो रद्द करणारा कायदा अगदी छोटा आहे. ज्यांची मुले काढून घेतली, ज्यांनी वर्षानुवर्षे हजेरी दिली, त्यांना काय द्यायचे याविषयी त्यात अक्षर नाही. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदावर तो व्यक्तीला लागू होतो, जमातीला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये भारताला असे कायदे रद्द करायला सांगितले, ते उगाच नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००५ मध्ये मानवी हक्कांच्या गंभीर पायमल्लीनंतर पीडितांना काय मिळाले पाहिजे याची तत्त्वे मान्य केली. होते ते परत करणे, भरपाई, पुनर्वसन, सत्य मान्य करून सन्मान देणे, आणि पुन्हा घडणार नाही याची हमी. विमुक्तांच्या वाट्याला यातले पुनर्वसन थोडेफार आले: आरक्षण, आश्रमशाळा, तांडा-वस्ती सुधार योजना. भरपाई हा शब्द आपल्याकडे या संदर्भात कुणी उच्चारतही नाही. कॅनडाने मूळनिवासी मुलांना घरांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांबद्दल २००८ मध्ये संसदेत माफी मागितली, सत्यशोधन आयोग नेमून हजारो जबान्या नोंदवल्या. आपल्याकडे रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि त्यानंतर इदाते आयोगाने अहवाल दिले. दोन्ही मागासलेपणाचे अहवाल आहेत. वसाहतींत वाढलेल्या माणसांच्या जबान्या पद्धतशीर नोंदवण्याचे काम राहून गेले आणि ती पिढी आता जवळजवळ संपली.

वसंतराव नाईक याच समाजातले. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. त्यांचे नाव काढले की पुष्कळांना प्रश्न मिटल्यासारखा वाटतो.

ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. ३ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवर आणि विमुक्त असण्यावर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. स्वयंपाक कुणी करायचा, संडास कुणी साफ करायचे, हे तोवर तिथे जातीने ठरत होते. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असेही न्यायालयाने पोलिसांना बजावले. ५ तारखेला पोहरादेवीला पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. सेवालाल महाराजांची समाधी असलेले हे गाव मानोरा तालुक्यातच आहे आणि रामनवमीला तिथे देशभरचे तांडे जमतात. त्या आठवड्यातल्या गर्दीचे बोलणे मी पुष्कळ ऐकले. संग्रहालयाबद्दल सगळे बोलत होते. निकाल ठाऊक असलेला माणूस मला भेटला नाही.

यात्रेला तेलंगणातून येणारा लंबाडा अनुसूचित जमातीत असतो, कर्नाटकातला अनुसूचित जातीत, आणि इथला विमुक्तांत. गोरबोली तिघांची एकच. सोयरिकी होतात, मग मुलांच्या दाखल्यांचा घोळ सुरू होतो.

माझी एक साधी मागणी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांत, कचेऱ्यांत आणि अभिलेखागारांत हजेरीच्या, परवान्यांच्या, संशयितांच्या जुन्या वह्या जिथे शिल्लक असतील तिथे त्यांची यादी करावी आणि त्या वंशजांना पाहायला द्याव्यात. ज्या वहीत आजोबाचे नाव, बापाचे नाव, तांडा आणि तारीख आहे, ती वही रहिवासाचा पुरावा म्हणून धरावी. सरकारी शिक्क्याची नोंद आहे, तारीख १९६१ च्या आधीची आहे; आणखी काय हवे? त्या नोंदी नाचक्कीच्या आहेत म्हणून घरचेच नको म्हणतील, असे मला एका शिक्षकाने सांगितले. मी तांड्यावरच्या एका आजींना विचारले. त्या म्हणाल्या, नाव आहे ना त्यात, मग आण.