शौर्यपदक आणि सेवापदक: सैन्यात पदक नेमके कसे मिळते?

दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी राष्ट्रपती भवनातून पदकांची यादी जाहीर होते. आपल्या गावातला, तालुक्यातला एखादा जवान त्या यादीत असला की त्याचा फोटो मोबाईलवर फिरू लागतो. फोटोखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: "शौर्यपदक विजेते". पण छातीवरचे प्रत्येक पदक शौर्याचे नसते. शौर्याचे नसलेले पदक फुकट मिळालेले असते असेही नाही. पदक कोणते, ते कशासाठी आणि कोणाच्या शिफारशीवरून मिळते, हे सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी आणि आपल्या माजी सैनिकांचा सत्कार करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवे.

सैन्यातील पदकांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला शौर्याचा, म्हणजे एका विशिष्ट प्रसंगी केलेल्या कृतीसाठी. दुसरा विशिष्ट सेवेचा, म्हणजे दीर्घकाळ केलेल्या उत्कृष्ट कामासाठी. तिसरा सेवेचा, म्हणजे ठरावीक काळ, ठरावीक ठिकाणी किंवा ठरावीक मोहिमेत कर्तव्य बजावल्याबद्दल. पहिल्या दोन गटांत शिफारस लागते. तिसऱ्या गटात अट पूर्ण केली की पदक हा सैनिकाचा हक्क असतो.

संविधान काय सांगते?

संविधानाच्या कलम १८ ने पदव्या रद्द केल्या. रावबहादूर, खानबहादूर, सर हे सगळे गेले. मात्र त्याच कलमात दोन अपवाद आहेत: लष्करी आणि शैक्षणिक विशेष सन्मान. जन्माने किंवा सरकारच्या मर्जीने येणारा मोठेपणा संविधानाने नाकारला, पण कर्तृत्वाने मिळवलेला सन्मान मान्य केला. विशेष म्हणजे संविधान ज्या दिवशी लागू झाले त्याच दिवशी, २६ जानेवारी १९५० रोजी, परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके सुरू झाली. ती १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू करण्यात आली.

इंग्रजांच्या काळात पदकांतही भेद होता. व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च पदक १८५६ पासून दिले जात होते, पण भारतीय सैनिकांसाठी ते १९११ मध्ये खुले झाले. तोपर्यंत त्यांच्यासाठी इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हे वेगळे पदक होते. स्वतंत्र भारताने ही वर्गवारी मोडली. परमवीर चक्र शिपायालाही मिळते आणि अधिकाऱ्यालाही. पुरुषालाही मिळू शकते आणि स्त्रीलाही. नियम एकच, पदक एकच.

शत्रूसमोरचे शौर्य

परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही तिन्ही पदके शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी आहेत. जमीन, समुद्र किंवा आकाश, कुठेही. त्यासाठी युद्ध घोषित झालेले असले पाहिजे असे नाही. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना परमवीर चक्र मिळाले ते १९६१ मध्ये काँगोत, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना.

परमवीर चक्र आजवर फक्त २१ जणांना मिळाले असून त्यातले १४ मरणोत्तर आहेत. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. त्या जन्माने युरोपीय. भारतात येऊन त्यांनी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि त्या इथल्याच झाल्या. हयातीत परमवीर चक्र मिळवणारे पहिले वीर म्हणजे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. बॉम्बे सॅपर्सच्या या अधिकाऱ्याने एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्यात काढून रणगाड्यांना वाट करून दिली. शौर्य म्हणजे फक्त गोळी झाडणे नव्हे, हे या एका उदाहरणावरून कळते.

महार रेजिमेंटचे परमवीर चक्र मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे. ते ८ महारमध्ये होते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर रात्री घात लावून हल्ला झाला. परमेश्वरन यांनी शत्रूला पाठीमागून घेरले. हातघाईच्या लढाईत त्यांच्या छातीत गोळी लागली. तरीही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटच्या श्वासापर्यंत हुकूम देत राहिले. परमेश्वरन मुंबईत जन्मलेले तमिळ भाषक. आजची महार रेजिमेंट ही देशभरातल्या वेगवेगळ्या समाजांतील सैनिकांची आहे. त्यामुळे रेजिमेंटच्या नावावरून सैनिकाची जात ठरवू नये.

याच रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांना १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील शौर्याबद्दल महावीर चक्र मिळाले. परमेश्वरन यांच्याइतकेच त्यांचेही नाव आपल्या मुलांना पाठ असायला हवे.

अशोक चक्र: शांतताकाळातील शौर्य

शत्रूसमोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही पदके आहेत. १९५२ मध्ये ती अशोक चक्र वर्ग १, २ आणि ३ या नावांनी सुरू झाली. सध्याची नावे १९६७ पासूनची. दहशतवादविरोधी कारवाया, आगीत किंवा पुरात जीव धोक्यात घालून केलेली सुटका असे प्रसंग यात येतात. ही पदके नागरिकांनाही मिळतात. १९८६ मध्ये कराचीत अपहरण झालेल्या विमानातील प्रवाशांना वाचवताना प्राण गमावलेल्या नीरजा भनोत यांना, आणि २६/११ च्या हल्ल्यात गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक हाताने घट्ट धरून ठेवणारे पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले.

पदकाच्या मधोमध अशोकाचे चक्र आणि त्याभोवती कमळांची माळ आहे. कलिंगच्या युद्धानंतर ज्याने आपला पश्चात्ताप शिलालेखांत कोरून ठेवला, त्या सम्राटाचे नाव या पदकाला आहे. मारण्यापेक्षा वाचवण्याच्या शौर्याला हे नाव अधिक शोभते.

सहा शौर्य चक्रांचा मानाचा क्रम असा: परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर आणि शौर्य.

शिफारशीपासून राजपत्रापर्यंत

शौर्यपदकासाठी सैनिक स्वतः अर्ज करत नाही. कारवाई संपल्यावर त्याच्या पलटणीचा कमांडिंग ऑफिसर शिफारस लिहितो. त्यात दिवस, ठिकाण, परिस्थिती, सैनिकाने नेमके काय केले, त्यात त्याच्या जिवाला किती धोका होता आणि त्याचा परिणाम काय झाला हे असते. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे म्हणणे इथे फार महत्त्वाचे ठरते.

ही शिफारस ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी चढत लष्कराच्या मुख्यालयात पोहोचते. प्रत्येक टप्प्यावर वरिष्ठ आपले मत नोंदवतात. महावीर चक्रासाठी पाठवलेली शिफारस वीर चक्रावर येऊ शकते किंवा नामंजूरही होऊ शकते. शेवटी संरक्षणमंत्री, तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांची केंद्रीय समिती विचार करते आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर नाव राजपत्रात छापले जाते. चक्रे राष्ट्रपतींच्या हस्ते दिली जातात.

याचा अर्थ असा की शौर्याला साक्षीदार लागतो आणि लिहिणारा लागतो. ज्या चौकीवर सगळेच धारातीर्थी पडले, तिथले कितीतरी शौर्य कागदावर आलेच नसेल. पदक नसलेला सैनिक कमी शूर होता, असे म्हणूनच कधी म्हणू नये.

सेना पदक आणि विशिष्ट सेवा पदके

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. १९६० मध्ये सुरू झालेले सेना पदक (नौदलात नौसेना पदक, हवाई दलात वायुसेना पदक) दोन प्रकारे मिळते: शौर्यासाठी आणि कर्तव्यनिष्ठेसाठी. बातमी लिहिताना किंवा सत्काराचा फलक करताना यातले कोणते, हे विचारून घ्यावे.

परमविशिष्ट, अतिविशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदके ही शौर्याची नाहीत. ती उत्कृष्ट सेवेची आहेत. परमविशिष्ट सेवा पदक साधारणपणे वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच मिळते. महार रेजिमेंटमधून पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोघेही त्याचे मानकरी होते. युद्धकाळातील उत्कृष्ट सेवेसाठी १९८० मध्ये सर्वोत्तम, उत्तम आणि युद्ध सेवा पदक अशी आणखी तीन पदके सुरू झाली.

सेवापदके: घाम गाळून मिळवलेला हक्क

माजी सैनिकांच्या छातीवरची बहुतेक पदके या गटातली असतात. ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेसाठी दीर्घ सेवा पदके आहेत. सियाचीनसाठी आणि अतिउंच प्रदेशासाठी वेगळी पदके आहेत. लढाईत जखमी झालेल्याला पराक्रम पदक मिळते. मोहिमांची पदकेही ओळखता आली पाहिजेत. समर सेवा स्टार आणि रक्षा पदक १९६५ चे. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक १९७१ चे. ऑपरेशन विजयचे स्टार आणि पदक कारगिलचे. आजोबांच्या पेटीत पूर्वी स्टार असेल तर ते बांगलादेश मुक्तीच्या युद्धात पूर्व आघाडीवर होते, एवढा इतिहास त्या एका पदकात असतो.

दार बंद होते तेव्हा

पदकाच्या आधी शिफारस, शिफारशीच्या आधी कामगिरी आणि कामगिरीच्या आधी भरती. हा क्रम लक्षात ठेवला की आपल्या पूर्वजांची एक लढाई नीट समजते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. पण १८९० च्या दशकात इंग्रजांनी "लढाऊ जाती"चे धोरण पुढे करून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या वाडवडिलांनी लढून दाखवले होते, त्यांना लढाऊ नाही असे ठरवण्यात आले.

याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, तर शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट स्थापन झाली. सुभेदार रामजी सकपाळांच्या मुलाने ते दार पुन्हा उघडायला लावले. कृष्णा सोनावणे यांचे महावीर चक्र त्यानंतर अवघ्या काही वर्षांचे आहे. मधल्या पिढ्यांत शौर्य कमी नव्हते. ते दाखवण्याची जागाच त्यांना नाकारली गेली होती.

मानधन आणि कुटुंबाचा हक्क

शौर्यपदकासोबत दरमहा भत्ता मिळतो. ऑगस्ट २०१७ पासून केंद्राने तो दुप्पट केला: परमवीर २०,००० रुपये, अशोक १२,०००, महावीर १०,०००, कीर्ती ९,०००, वीर ७,०००, शौर्य चक्र ६,००० आणि शौर्यासाठीचे सेना पदक २,००० रुपये. राज्य सरकारचे लाभ वेगळे असतात.

वीराच्या पश्चात हा भत्ता पत्नीला मिळतो. पूर्वी त्यात एक अट होती: विधवेने पुनर्विवाह केला तर भत्ता बंद, तो चालू राहायचा असेल तर लग्न दिराशीच झाले पाहिजे. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये काढून टाकण्यात आली. स्त्रीच्या आयुष्याचा निर्णय तिच्याकडेच असावा, ही साधी गोष्ट नियमात यायला इतकी वर्षे लागली. अनेक कुटुंबांपर्यंत हा बदल पोहोचलेला नसेल. तो पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

आपण काय करू शकतो?

वस्तीतल्या माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची यादी करा. घरात पदके असतील तर त्यांच्या कडेवर किंवा मागे कोरलेला सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव टिपून ठेवा. घासून चकचकीत करण्याच्या नादात ही अक्षरे झिजवू नका. सेवापुस्तिकेतील पदकांची नोंद आणि हातातली पदके जुळवून पाहा. भत्ता, सवलती किंवा न मिळालेल्या पदकाबद्दल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. शौर्यपदकाचा दावा पुढे पाठवण्याआधी राजपत्र किंवा संरक्षण मंत्रालयाचे शौर्य पुरस्कारांचे संकेतस्थळ तपासा. वीराच्या नावापुढे चुकीचे पदक लावले तर त्याने खरोखर मिळवलेले पदक झाकले जाते.