मिनारा मशिदीची गल्ली आणि कायद्याची मोजपट्टी

रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर फिरताना आपल्याला कायदा आठवत नाही. मिनारा मशिदीच्या बाजूला शिरलो की शिगेचा धूर डोळ्यांत जातो, कढईत मालपुवा फुगत असतो, मातीच्या शिकोऱ्यातली थंड फिरनी हातात येते. तरावीह आटोपून आलेली मोहल्ल्यातली माणसे असतात, मुंब्रा-कुर्ल्याहून बायकामुलांना घेऊन आलेले असतात, आणि हल्ली तर रोजा न धरणारे, आपल्या बिरादरीबाहेरचे रसिकच अधिक दिसतात. आपण खातो, पैसे देतो, सहरीच्या आधी घर गाठतो. ज्या माणसाने ते भाजून दिले त्याला त्या ठिकाणी चूल पेटवण्याचा हक्क होता का, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ९ डिसेंबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर दिले होते. ते उत्तर 'नाही' असे होते.

महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियन विरुद्ध मुंबई महापालिका असा तो खटला. त्या वर्षीची ईद उलटून सुमारे दोन आठवडे झाले होते. गल्लीतल्या कढया धुऊन माळ्यावर गेलेल्या, त्यामुळे निकालाची दखल आपल्याकडे फारशी कुणी घेतली नाही. परंतु त्या निकालातल्या अटी एकेक करून वाचल्या, तर त्या आपल्या गल्लीवरच बेतल्यासारख्या वाटतात. फेरीवाल्याला जागा मिळणार एक मीटर बाय एक मीटर. टेबल, स्टँड, मांडव काही नाही. हातगाडी वापरायची नाही. धंदा सकाळी ७ ते रात्री १०. प्रार्थनास्थळ, शाळा, इस्पितळ यांपासून शंभर मीटरच्या आत बसायचे नाही. मंडई आणि रेल्वे स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत बसायचे नाही. शिजवलेले अन्न विकता येईल, पण रस्त्यावर काहीही शिजवायचे नाही. शिजवण्याची परवानगी द्यावी, अशी विनंती फेरीवाल्यांच्या बाजूने झाली होती. ती मान्य करता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले.

आता मोजपट्टी घेऊन निघा. मिनारा मशीद, पायधुणीची हमीदिया, जकारिया मशीद, जामा मशीद, मध्ये शाळा-मदरसे, एका टोकाला क्रॉफर्ड मार्केट, दुसऱ्या अंगाला मस्जिद बंदर आणि सँडहर्स्ट रोड ही स्टेशने. प्रत्येकाभोवती वर्तुळ काढले, तर या वस्तीत कोरा रस्ता फारसा उरत नाही. शंभर मीटरच्या अटीला एक अपवाद मात्र होता. भाविकांना अर्पण करण्यासाठी लागणाऱ्या वस्तू, म्हणजे फुले, चंदन, मेणबत्त्या, अगरबत्त्या, नारळ वगैरे प्रार्थनास्थळाबाहेर विकता येतील. दर्ग्यापुढचा फुलवाला वाचला. उरुसातल्या हलवा-पराठ्याचे काय? तो अर्पण करायचा नसतो, खायचा असतो. आणि मशिदीबाहेर तर इफ्तार आणि सहरी हीच रोजेदाराची निकड. इबादतीला लागणारी वस्तू कोणती, याची यादी करताना रोजा कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता, एवढेच आम्ही म्हणू. वेळेचेही तेच. रात्री १० ला गल्ली बंद करायची, तर ती भरण्याच्या सुमारालाच बंद करायची.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९९२-९३ नंतर रस्त्याबद्दलचा कोणताही नियम निघाला की तो आपल्याविरुद्धच निघाला, असे वाटून घेण्याची आपल्याला सवय लागली आहे. ती का लागली हे सांगायची गरज नाही. परंतु २००३ च्या अटी आपल्यासाठी केलेल्या नव्हत्या. सीख कबाबाची शेगडी जेवढी बेकायदा ठरली, तेवढीच वडापावची कढई आणि डोशाचा तवा. फरक पुढे पडला. वडापावला राजकीय वाली मिळाला. २००९ च्या सुमारास शिवसेनेने 'शिव वडा' नावाने गाड्यांची योजनाच काढली. कबाबाला असा वाली मिळाला नाही. त्याला रमजानपुरती कुणा नगरसेवकाची शिफारस मिळे, आणि ईदनंतर तीही नाही.

या अटींचे मूळ जुने आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३१३-अ नुसार रस्त्यावर विकायला परवाना लागतो, आणि कलम ३१४ नुसार परवाना नसलेल्याचा माल आयुक्त नोटीस न देता उचलू शकतात. पण १९७८ नंतर महापालिकेने नवे परवाने देणेच जवळजवळ थांबवले. परवानाधारक राहिले सुमारे १५ हजार. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टाटा समाजविज्ञान संस्था आणि 'युवा' यांनी केलेल्या पाहणीत रस्त्यावरचे फेरीवाले मात्र एक लाखाहून अधिक भरले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, तेव्हा त्यांतले अनेक कामगार पटरीवर आले. मदनपुऱ्याच्या मोमिनांच्या घरोघर ही कथा ऐकायला मिळते. परवाना मागायचा तर दार बंद, आणि विकायचे तर गुन्हा, अशी ती कोंडी.

कोर्टाची पायरी पहिल्यांदा गांभीर्याने चढली ती बॉम्बे हॉकर्स युनियन. जुलै १९८५ मध्ये त्या खटल्याचा निकाल लागला आणि त्याच आठवडाभरात पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्याचा. दोन्हींत सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड. आपल्या घरांत हे नाव शाहबानोमुळे ठाऊक आहे. तो निकाल त्याच वर्षीच्या एप्रिलमधला. त्यावर आपल्या समाजाने मोर्चे काढले, सभा घेतल्या, देशभर वातावरण तापवले. अवघ्या अडीच महिन्यांनी त्याच न्यायमूर्तींच्या न्यायालयातून आपल्या हजारो भावंडांच्या रोजीरोटीबद्दल निकाल आला, आणि त्यावर एखादी सभा झाल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे ओल्गा टेलिसमध्ये मान्य झाले. पण कलम ३१४ शाबूत राहिले. हॉकर्स युनियनच्या खटल्यात फेरीवाला क्षेत्रे आखावीत असे ठरले, आणि ती आखण्यात पुढची अठरा वर्षे गेली. दरम्यान १९८९ मध्ये दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात घटनापीठाने सांगितले, की रस्त्यावर धंदा करणे हा मूलभूत हक्क आहे, मात्र अमुकच जागेवर बसण्याचा हक्क नाही.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सारा प्रश्न जागेचा झाला. या ठिकाणी आम्हाला कुफा शहर आठवते. हिजरी १७ च्या सुमारास, हजरत उमर यांच्या खिलाफतीत ते वसले, तेव्हा बाजारात कुणी कुठे बसायचे हा प्रश्न आला. रिवायत अशी, की बाजाराला मशिदीचाच दस्तूर लावला गेला. मशिदीत जो आधी येऊन बसतो, ती जागा तो उठेपर्यंत त्याची, बाजारातही तसेच. जागा कायमची कुणाची नाही, आणि बसलेल्याला उठवायचेही नाही. सोदान सिंग निकालाचा अर्धा भाग आणि त्याला हवा असलेला दुसरा अर्धा भाग, असे दोन्ही यात आले.

पण याच परंपरेत नियमही आहेत, आणि कडक आहेत. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलेपणा शोधणारे रसूल आपल्याला माहीत आहेत. पुढे बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब हा अधिकारी आला. बाराव्या शतकात शाम देशात शैजरी याने मुहतसिबासाठी लिहिलेल्या ग्रंथात भाजलेले मांस विकणारे, हरीसा शिजवणारे, जलाबिया तळणारे यांच्यावर वेगवेगळी प्रकरणे आहेत. हरीसा म्हणजे आपल्या हलीम-खिचड्याचे मूळ घराणे. भांडे कसे झाकायचे, तेल किती वेळा वापरायचे, मांस कोणते, हे सारे मुहतसिबाने पाहायचे. तात्पर्य, स्वच्छतेचा नियम हा फेरीवाल्यावर अन्याय आहे असे आपण तरी म्हणू नये. मुहतसिब भांडे तपासत असे. शिजवणेच बंद करणे हे त्याच्या कामात बसत नव्हते.

आपल्याकडच्या कायद्याने मात्र दोन्ही गोष्टी एकदम केल्या. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ मध्ये अमलात आला, तेव्हा फेरीवाला आणि तात्पुरता स्टॉलवाला यांनाही छोटे अन्न-व्यावसायिक म्हणून नोंदणी करायला सांगितले गेले. तेव्हा शुल्क वर्षाला १०० रुपये होते. एक खाते म्हणते, शिजवतोस तर नोंद कर. दुसरे म्हणते, शिजवूच नकोस. मधल्या फटीत जो व्यवहार चालतो त्याला काय म्हणतात हे गल्लीतल्या पोरालाही विचारा.

विरोधकांचेही ऐकले पाहिजे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'सिटिस्पेस'सारख्या नागरिक संघटना पदपथ मोकळे मागत होत्या. त्यांना उच्चभ्रू म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण मिनारा मशिदीच्या अवतीभवती राहणारी आपलीच माणसे महिनाभर धूर गिळतात, पहाटेपर्यंत झोपत नाहीत, आणि घरातल्या आजाऱ्याला इस्पितळात न्यायचे झाले तर खालची गर्दी हटता हटत नाही. त्यांना कुठली युनियन नाही. फेरीवाल्यांच्या नेत्यांनीही त्यांच्याशी बोलणी केलेली फारशी दिसत नाहीत. ही बोलणी जमातीने, मशिदीच्या ट्रस्टींनी घडवून आणायची होती. गाड्या किती, आग विझवायची साधने कुठे, रुग्णवाहिकेची वाट कोणती, हे ठरवून महापालिकेपुढे गेले असते तर आपले म्हणणे वजनदार झाले असते. आपण बहुधा रमजानच्या तोंडावर निवेदन देतो, फोटो काढतो आणि मोकळे होतो.

कुलाब्यात १९४६ साली मोहम्मद यासीन यांनी ताजमहाल हॉटेलच्या मागे सीख कबाबाची शेगडी मांडली, ती 'बडे मियाँ' म्हणून जगभर गेली. मुरशिदांनी दिलेल्या वीस रुपयांवर धंदा सुरू झाला, असे सांगतात. २००३ च्या अटी १९४६ मध्ये असत्या तर वीस रुपयांत काय सुरू झाले असते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

फेरीवाल्यांनी लढा सोडला नाही. २००४ चे राष्ट्रीय धोरण, २००९ चे सुधारित धोरण, २०१० चा गेंदा राम खटल्याचा निकाल, आणि शेवटी १ मे २०१४ पासून लागू झालेला पथविक्रेता कायदा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हटवायचे नाही, नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, अशा तरतुदी त्यात आल्या. मुंबईत सर्वेक्षणाला ९९ हजारांहून अधिक अर्ज आले. त्यांतून पात्र ठरलेल्यांची संख्या इतकी आक्रसली, की २०२४ च्या ऑगस्टमध्ये समितीची निवडणूक झाली तेव्हा मतदार ३२ हजारांच्या आसपासच होते. मधल्या काळात, २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसे चेंगरून मेली, आणि १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने शंभर आणि दीडशे मीटरच्या अटी पुन्हा उचलून धरल्या. पुलावरच्या मृत्यूंनंतर हे व्हायचेच होते. त्याची झळ मात्र पुलापासून दूर असलेल्या तव्यांनाही लागली.

२०१४ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात एक तरतूद आहे, तिच्याकडे आपले लक्ष जायला हवे होते. ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते धंदा करीत आहेत, तो वारसा-बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथल्या विक्रेत्यांना हलवू नये. मिनारा मशिदीची गल्ली या व्याख्येत बसते असे आम्हाला वाटते. पण वाटून भागत नाही, पुरावा लागतो. आणि फेरीवाल्यापाशी पुरावा कोणता? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे महापालिकेचे लोक रोज येऊन पैसे घेत आणि पावती फाडून देत. ज्यांच्या आईबापांनी त्या पावत्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या असतील, त्यांच्यापाशी तेवढाच एक सरकारी कागद आहे. आकार कशाचा, तर रस्त्यावरची जागा अनधिकृतपणे व्यापल्याचा आणि कचरा उचलण्याचा.