रोमन वेषातील मराठी टपाल

सौसर आणि पांढुर्णा हे मराठी बोलणारे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिले, आणि ज्या नागपुराशी त्यांची सोयरीक व बाजारपेठ जोडलेली, ते नागपूर दुसऱ्या राज्यात गेले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कागदपत्रांची सीमेपलीकडील ये-जा काही थांबली नाही. खसऱ्याची नक्कल, वाटणीपत्र, जुन्या खरेदीखताचे छायाचित्र हे सारे आता ई-मेलने जाते. ते वाटेत कोणत्या वेषात असते, याचा इतिहास आम्हांस मोठा उद्‌बोधक वाटतो.

परक्या लिपीचा वेष घेणे मराठीस नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, ते रोमन अक्षरांत. कारण छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. पुढे तारायंत्र आले. इंग्रजी तारेत पांढुर्ण्याचे नाव रोमन अक्षरांनी जाई, आणि त्या अक्षरांत ‘ण’ व ‘न’ एकच, ‘ढ’ व ‘ध’ही एकच. गाव ज्याच्या ओळखीचे तो नीट वाची. इतरांनी तर्क करावा. (रोमी कोंकणी लिहिणाऱ्यांनी संकेत ठरवून ही अडचण पुष्कळशी दूर केली, हे आमच्या कोंकणी वाचकांस सांगावयास नको.)

ई-मेलच्या जन्माच्या वेळीही खिळ्यांची हीच टंचाई होती. १९८२ साली ठरलेल्या टपालनियमांप्रमाणे पत्रात फक्त सात बिटांची, म्हणजे १२८ चिन्हेच चालत. इंग्रजी मुळाक्षरे, अंक व विरामचिन्हे यांतच ती संपली. आपल्याकडे १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे प्रमाण मान्य झाले. त्यात इंग्रजी खालच्या अर्ध्या भागात आणि आपली अक्षरे वरच्या अर्ध्या भागात, आठव्या बिटाच्या आधाराने बसविली होती. वाटेतल्या एखाद्या यंत्राने तो आठवा बिट गाळला, की ‘सौसर’ या शब्दाचे ‘डब्ल्यू-एफ-डब्ल्यू-ओ’ होई. छायाचित्राची तर पुरती माती होई.

यावर तोड निघाली ती आठ-आठ बिटांचा माल सहा-सहा बिटांच्या पुड्यांत बांधण्याची. १९८० साली बर्कले येथे मेरी ॲन हॉर्टन यांनी ‘यूयूएन्कोड’ ही रीत काढली. मात्र तिच्या चिन्हांत रिकामी जागाही होती, आणि काही यंत्रे ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा खाऊन टाकीत. जून १९९२ मध्ये बोरेनस्टीन व फ्रीड यांनी ‘माइम’ची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यातील ‘बेस-६४’ ही रीत मोठी व लहान इंग्रजी अक्षरे, दहा अंक, अधिकचिन्ह व तिरकी रेघ एवढ्यावरच भागविते. तीन बाइटांची चार अक्षरे होतात. तीन मेगाबाइटांचे खरेदीखत चारांचे होऊन निघते. गाडीभाडे वाढले, पण माल शाबूत राहिला.

आजच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, नेमके तीन बाइट लागतात. म्हणून प्रत्येक चिन्हाची चार रोमन चिन्हे होतात. ‘स’ वाटेत ‘४केएस४’ असतो, आणि अवघा ‘सौसर’ सोळा चिन्हांचा. एकटा शब्द घेतला तर त्यातील प्रत्येक चौकडी ‘४के’नेच सुरू होते, शब्दांमध्ये एका बाइटाची रिकामी जागा आली की ही जुळणी सरकते.

हा वेष पाहून पुष्कळांस ती गुप्तलिपी वाटते. तसे मुळीच नाही. मोडी न येणाऱ्यास मोडी कागद गूढ वाटतो, इतकेच. ज्यास रीत ठाऊक त्यास तो उघडा आहे. खाजगी मृत्युपत्र केवळ या वेषावर विसंबून पाठविणाऱ्याने पाकीट चिकटविलेच नाही, असे आम्ही म्हणू.

परंतु वकिलीच्या दृष्टीने या रीतीचा गुण दुसरा आहे. तारेच्या रोमन अक्षरांतून ‘ण’ परत मिळत नसे. बेस-६४ मधून एकूण एक बिट परत मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात त्या नोंदीचे ‘हॅश’ मूल्य लिहावयाचे असते. एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलते. पांढुर्ण्याहून ई-मेलला जोडून पाठविलेली फाइल नागपुरास उलगडली, की तिचे मूल्य मूळ फाइलशी जुळते. तीच छापून पुन्हा स्कॅन केली, अथवा चित्र दाबून लहान करणाऱ्या एखाद्या सोयीने धाडली, तर वाचणाऱ्यास मजकूर तोच दिसतो आणि मूल्य मात्र निराळे येते. अशा वेळी अशिलाने मूळ फाइल ज्या यंत्रात आहे ते यंत्र जपून ठेवावे.