मुंबईहून रिओकडे : शहर कोण पाहतं, कोण लिहून ठेवतं

आजचा विषय कळल्यावर आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं, की उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये बसून तुम्ही दक्षिण अमेरिकेतल्या शहराबद्दल काय सांगणार? प्रश्न रास्त आहे. पण इथून बाहेर पडलात की हातगाडीवर अननस दिसेल, किराणा दुकानात काजू दिसेल. हे दोन्ही शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसले आणि त्यांच्या जहाजांबरोबर गोव्यात उतरले. म्हणजे ते खंड आपल्या स्वयंपाकघरात चारशे वर्षांपूर्वीच आलेलं आहे. आपण तिकडे कधी गेलो, आणि गेलेल्यांनी काय पाहिलं, एवढंच आज बघायचं आहे.

प्रवासवर्णनं आपण आवडीने वाचतो. मीना प्रभूंचं 'दक्षिणरंग' आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मराठी वाचकाला दक्षिण अमेरिका घरबसल्या दाखवणारं ते पुस्तक आहे. पण आज आपण विमानाच्या आधीच्या काळात जाणार आहोत, जहाजांच्या काळात. आणि एकच प्रश्न हातात धरणार आहोत: शहर पाहणारे पुष्कळ असतात, मग लिहिलेलं नेमकं कोणाचं उरतं? यासाठी आम्ही तीन माणसं निवडली आहेत. एक पाहुणी, एक परागंदा झालेला आणि एक दुकानात नोकरी करणारा. पहिली दोघं रिओ दि जानेरोला गेली. तिसरा रिओच्या वाटेवरचा नाही, पण त्याच खंडाकडे गेला, आणि तो आपल्या फार जवळचा आहे.

त्याआधी रिओचं आणि आपल्या किनाऱ्याचं नातं लक्षात घेऊ. १८०७ च्या नोव्हेंबरात नेपोलियनचं सैन्य लिस्बनवर चालून आलं, तेव्हा पोर्तुगालचा अख्खा दरबार जहाजात बसून निघाला आणि १८०८ च्या मार्चमध्ये रिओत पोचला. राजघराणं तिथे १८२१ पर्यंत राहिलं. म्हणजे ही तेरा वर्षं गोव्याचा कारभार ज्या राजाच्या नावाने चालायचा, तो राजा लिस्बनमध्ये नव्हता, रिओत होता. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, १८१२ मध्ये कायमचं बंद झालं, ते रिओत बसलेल्या दरबाराच्या हुकमाने. युरोपातल्या सत्तेची एक वसाहत दुसऱ्या वसाहतीतून चालवली जावी, असं इतिहासात फारसं घडलेलं नाही. आपण गोव्याचा इतिहास शिकतो तेव्हा लिस्बनचं नाव येतं, रिओचं येत नाही.

आता पहिलं माणूस. मरिया ग्रॅहम. जन्म १७८५ चा, इंग्लंडमधला. तिच्या वडिलांना मुंबईच्या गोदीत नेमणूक मिळाली आणि त्यांच्याबरोबर ती १८०९ मध्ये मुंबईला आली. जहाजावरच टॉमस ग्रॅहम या आरमारी अधिकाऱ्याशी ओळख झाली आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांचं लग्न झालं. ती घारापुरीला गेली, कार्ल्याची लेणी पाहिली, घाट चढून पुण्याला गेली. तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती, हे ध्यानात ठेवा. भारतातल्या वास्तव्याची तिची रोजनिशी १८१२ मध्ये छापून निघाली.

पुढे १८२१ मध्ये नवऱ्याच्या 'डोरिस' नावाच्या युद्धनौकेवरून ती ब्राझीलला गेली आणि डिसेंबरच्या मध्यावर रिओच्या खाडीत शिरली. त्या दिवशीची तिची नोंद आपल्यासाठी गंमतीची आहे. आजवर सुंदर वाटलेली बंदरं ती एकापाठोपाठ आठवते: इटलीतलं नेपल्स, स्कॉटलंडची फर्थ ऑफ फोर्थ, आपली मुंबई आणि श्रीलंकेतलं त्रिंकोमाली. आणि निकाल देते, की ही सगळी रिओपुढे फिकी आहेत. बघा, दोनशे वर्षांपूर्वी एक बाई रिओचं वर्णन करताना मुंबईचं माप लावते आहे! प्रवासी असंच करतो. नवं शहर तो जुन्या शहराच्या फूटपट्टीने मोजतो. आपणही पहिल्यांदा कुठे गेलो की म्हणतोच ना, अगदी आपल्या दादरसारखं आहे म्हणून.

पण मरिया ग्रॅहम खाडीच्या देखाव्यावर थांबली नाही, म्हणून आम्ही तिला निवडलं. १८२२ च्या एप्रिलमध्ये केप हॉर्नजवळ समुद्रातच तिचा नवरा वारला. चिलीतल्या वाल्पराइसोला त्याचा दफनविधी करून ती तिथेच एकटी राहिली, नोव्हेंबरातला मोठा भूकंप तिने अनुभवला, आणि १८२३ मध्ये रिओला परत आली. मधल्या काळात, ७ सप्टेंबर १८२२ रोजी, ब्राझील स्वतंत्र झाला होता. तेच शहर आता साम्राज्याची राजधानी होतं.

या दुसऱ्या खेपेत, १ मे १८२३ रोजी, ती वालोंगोला गेली. वालोंगो म्हणजे रिओचा गुलामांचा बाजार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, आणि घरांत बाकांवर ओळीने बसवलेली आफ्रिकेतली तरुण मुलंमुली, डोकी भादरलेली, विक्रीला ठेवलेली. ती त्यांच्याजवळ गेली, त्यांच्याशी हसण्याचा प्रयत्न केला, आणि हा व्यापार संपवायला आपल्याकडून काही हातभार लागावा असं तिने त्या दिवशी लिहून ठेवलं. ज्या शहराच्या सौंदर्याला तिने पहिला नंबर दिला होता, त्याच शहराबद्दल तिने हेही लिहिलं. १८२४ मध्ये ही रोजनिशी लंडनमध्ये छापली गेली आणि रिओच्या इतिहासाचं ते महत्त्वाचं साधन ठरलं.

आता इथे जरा थांबू. वालोंगोच्या धक्क्यावर सुमारे नऊ लाख आफ्रिकी माणसं उतरवली गेली, असा अंदाज आहे. रिओ त्यांनीही पाहिलं. खाडीत शिरताना तेच डोंगर त्यांच्याही समोर होते. त्या बाकांवर बसलेल्या मुलांना ते शहर कसं दिसलं, हे मात्र आपल्याला त्यांच्या शब्दांत मिळत नाही. आपल्याला मिळतं ते त्यांच्याकडे पाहणाऱ्या एका भल्या पाहुणीचं लिखाण. ती भली होती, म्हणून तेवढं तरी मिळालं.

आणि शहरसुद्धा विसरायला मदत करतं. १८४३ मध्ये ब्राझीलच्या सम्राटाची वधू जहाजाने येणार होती. तिच्या स्वागतासाठी वालोंगोचा धक्का झाकून त्यावर नवा, देखणा धक्का बांधला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोही भरावाखाली गेला. ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी, आणि तो धक्का पुन्हा उजेडात आला थेट २०११ मध्ये, बंदराच्या भागात नूतनीकरणाचं खोदकाम चालू असताना. २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लोक त्याच्यावरून चालत होते.

दुसरा माणूस गोव्याचा. बेर्नार्दो पेरेस द सिल्वा, तिसवाडीतल्या नेवरे गावचा. पोर्तुगालमध्ये १८२० साली घटनात्मक राज्याची चळवळ झाली आणि तिथल्या संसदेवर गोव्याने प्रतिनिधी निवडून दिले, त्यांतला हा एक. १८२८ मध्ये दों मिगेल गादीवर आला, त्याने राज्यघटना गुंडाळली आणि घटनावाद्यांची धरपकड सुरू केली. पेरेस द सिल्वाला पळावं लागलं. तो रिओला गेला आणि काही वर्षं तिथे राहिला.

आता रिओत राहून त्याने काय लिहिलं? १८३२ मध्ये तिथे त्याची एक पुस्तिका छापली गेली. ती संवादरूपात आहे: एक तत्त्वज्ञानाचा पंडित आणि एक हिंदुस्थानातला पोर्तुगीज नागरिक बोलत आहेत. विषय आहे पोर्तुगालची राज्यघटना, तिचे फायदे आणि ती टिकवायची कशी. आणि हे दोघं बोलत आहेत कुठे? लिस्बनमध्ये! माणूस राहतो रिओत, त्याचं गाव गोव्यात, आणि त्याच्या लिखाणातलं शहर लिस्बन.

उल्हासनगरमध्ये हे जास्त समजावून सांगायची गरज नाही. इथल्या कितीतरी घरांतले आजी-आजोबा साठ-सत्तर वर्षं कॅम्पात राहिले, पण गोष्ट सांगायला बसले की सांगायचे हैदराबाद सिंधची, सख्खरची, शिकारपूरची. पाहुणा आल्या आल्या नवं शहर बघतो. ज्याचं घर सुटलंय, त्याची नजर बराच काळ मागेच असते. त्यात चूक काही नाही, फक्त त्यामुळे नव्या शहराचं पहिलं चित्र लिहायचं राहून जातं.

पेरेस द सिल्वाची पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. घटनावादी जिंकले, आणि १८३५ च्या जानेवारीत तो गोव्याचा प्रमुख, म्हणजे प्रीफेक्ट, म्हणून आला. गोव्याच्या मातीतला माणूस त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसला होता. तीन आठवडेही झाले नाहीत तोवर लष्कराने त्याला हुसकून लावलं, आणि तो आश्रयाला आला तो मुंबईला. म्हणजे एकदा रिओत परागंदा, एकदा मुंबईत. मरिया ग्रॅहमने जी दोन बंदरं सौंदर्यासाठी शेजारी ठेवली, त्याच दोन बंदरांत ह्या गोमंतकीयाने आसरा घेतला.

आता तिसरा. याला आम्ही नाव देत नाही, कारण हा एक माणूस नाही, हजारो आहेत. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला. त्यानंतर हैदराबाद सिंधचे व्यापारी तिथल्या कारागिरांचा माल घेऊन आधी मुंबईला, मग इजिप्तला, भूमध्य समुद्राच्या बंदरांत, जपानला जाऊ लागले. त्यांना नाव पडलं सिंधवर्की. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे जाळं पनामापर्यंत पोचलं. कालवा १९१४ मध्ये खुला झाला आणि तिथल्या बंदरांत रेशमाची, शोभेच्या वस्तूंची सिंधी दुकानं थाटली गेली. चिलीच्या अगदी दक्षिण टोकाला पुंता अरेनास नावाचं थंड, वाऱ्याचं शहर आहे. तिथेही सिंधी कुटुंबं आहेत आणि त्यांचं मंदिरही आहे. क्लोद मार्कोविट्स या फ्रेंच इतिहासकाराने या व्यापाऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच बुखारा ते पनामा असा पल्ला आहे.

दुकानातला नोकर साधारण अडीच-तीन वर्षांच्या करारावर जायचा. बायको-मुलं हैदराबादेतच. राहायचं दुकानाच्या वर किंवा मागे, जेवण एकत्र, सुट्टी बेताची. त्याने शहर पाहिलं ते काउंटरच्या आतून. कुठल्या जहाजाचा खलाशी काय मागतो, कुठलं गिऱ्हाईक घासाघीस करतं, पोलिसाशी स्पॅनिशमध्ये कसं बोलायचं, हे त्याला मरिया ग्रॅहमपेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असणार. पण त्याची रोजनिशी लंडनमध्ये छापली जाणार नव्हती. त्याने लिहिलं ते घरच्या पत्रांत आणि हिशेबाच्या वह्यांत.

त्या पत्रांचं काय झालं? १९४७ नंतर सिंधमधून निघताना माणसांनी दागिने घेतले, भांडी घेतली, जमिनीचे कागद घेतले. जुनी पत्रं कोण घेणार? जी आली, ती कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते इथे कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पुढे बराकींच्या जागी इमारती आल्या, घरं बदलली, माळे रिकामे झाले. दरवेळी थोडे कागद रद्दीत गेले.

आणि जे उरलेत, त्यांची अडचण वेगळीच आहे. जुनी सिंधी पत्रं बहुतेक अरबी वळणाच्या लिपीत, आणि व्यापाऱ्यांच्या वह्या तर अनेकदा वाणिका, हटवाणिका किंवा खुदाबादी अशा बाजारातल्या लिपींत. आजची पोरं देवनागरी वाचतात, इंग्रजी वाचतात. पणजोबांचा कागद हातात असून त्यांना वाचता येत नाही. वाचू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. वालोंगोचा धक्का दगडाचा होता, म्हणून तो दीडशे-दोनशे वर्षांनीही खणून काढता आला. कागद तेवढी वाट बघत नाही.

उल्हासनगरबद्दल बाहेरचे पाहुणे काय म्हणतात, ते आपल्याला पाठ आहे. 'यूएसए'चा तो विनोद, नकली मालाच्या गोष्टी, जीन्स, फर्निचर, उल्हास नदी आणि वालधुनीचं पाणी. त्यातलं काही खरंही आहे. पण ते सगळं पाहुण्यांचं लिखाण आहे. काउंटरच्या आतून हे गाव कसं दिसलं, आणि इथे येण्याआधी आपल्याच माणसांनी पनामा किंवा चिली कसं पाहिलं, ते आपण लिहिलं नाही तर दुसरं कोण लिहिणार?

म्हणून शेवटी एक विनंती. घरी जुना पासपोर्ट, करारपत्र, परदेशातून आलेलं पाकीट, दुकानासमोर काढलेला फोटो असेल, तर शोधा. आम्हाला मूळ कागद नको, तो तुमच्याच घरी राहू द्या. मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढा, मागची बाजूही काढा. आणि घरात ती लिपी वाचणारं कोणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याकडून आधी वाचून घ्या आणि तुम्ही देवनागरीत उतरवा. गाव, वर्ष, जहाजाचं नाव, जे कळेल ते. पुढच्या व्याख्यानाला अर्धा तास आधी या, आपण ते कागद एकत्र बघू.